नजरी नकाशा

पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण,
राहतं नसेल तर आत तिरप्या रेघा.
दोन दिवस प्रशिक्षण, मनपा शाळेच्या हॉलमध्ये,
कागदी कपात चहा, आणि साहेब म्हणाले,
आपलं काम मोजणं. बाकी काही नाही.

माझ्या वाट्याला चौक मंडईमागचा गट,
एकशे तेवीस घरं,
वर शरणपूरकडची एक चाळ,
कारण गांगुर्डेबाई बाळंतपणाच्या रजेवर.

निघताना जिन्यात पाटणकर भेटले.
"तिकडे का? नीट मोजा हो,
कमी सांगतात ते लोक."
तासाभराने दूध बाजारात, लुंगी सावरत एक म्हातारा,
"बाई, बराबर लिखो. हर बार कमीच दिखाते हमको."
दोघांचाही आवाज तसाच,
दार लावल्यावर कडी तपासणाऱ्या माणसाचा.

खुर्शीद मणियार, वय एकोणसत्तर.
धर्म मी विचारलाच नाही अजून.
"दोन लिहा," तीच म्हणाली.
मागच्या खेपेच्या सरांनी दोन लिहिलं होतं,
तिच्या लक्षात होतं.

माझ्या लग्नाचा चुडा हिनेच भरला होता.
हात ढिला सोड, म्हणाली होती तेव्हा,
घट्ट धरलास की काच फुटते.
आज मी तिला ओळख दिली नाही.
तिनेही. हातात फॉर्म होता.

घरात माणसं किती?
सहा. मग थांबली.
नवाज मालेगावला आहे, मामाकडे,
त्या शुक्रवारपासून. तो धरायचा का?
सहा महिन्यांवर बाहेर असेल तर नाही, मी म्हटलं.
"पाच महिने वीस दिवस झाले."
बोटं मोडली नाहीत तिने. तोंडपाठ होतं.
धरला.

खाली तिचं दुकान.
शटर आतून बाहेर फुगलेलं,
भिंतीवर काजळी, आणि फरशीला चिकटलेली
हिरवी, पिवळी, वितळून एक झालेली काच.
पुस्तिका उघडली तिथेच उभी राहून.
बंद घराला खूण आहे, रिकाम्याला आहे,
देवळाला, मशिदीला, पाण्याच्या टाकीलाही आहे.
जळालेल्याला नाही.
पलीकडे तांबट आळीत ठोके चाललेले,
एक, एक, एक,
तिथे कुणी बेरीज करत नव्हतं.

शरणपूरला शांतवन त्रिभुवन,
दफनभूमीची राखण, वय विचारलं तर
"सांगतो, बसा आधी."
तीन लिहा म्हणाला, हसून.
"मूठभर आम्ही. बरंय तेच.
जास्त झालो तर कुणीतरी रागाने मोजायला लागेल."
मग कुंपणाकडे बोट दाखवून,
"खालचे धरले तर मात्र पुष्कळ आहोत."

बायकोने आतून पाणी आणलं.
तीच बोलली, उंबऱ्यात उभी राहून.
नाताळात पेठ रस्त्याला प्रार्थना होती तिच्या बहिणीकडे,
वीस-बावीस माणसं, एक पेटी, एक डफ.
पोरं आली. किती जण बाटवले, विचारत होती.
"त्यांच्याकडं पण यादी होती, बाई.
तुमच्यासारखीच. छापील."
मी फॉर्म उलटा करून मांडीवर ठेवला.
पाणी पिऊन झालं तरी पेला हातातच.

रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, किती निघाले?
एकशे तेवीस, म्हटलं. तीन घरांना कुलूप.
"घरं नाही गं. ते किती?"
मी भाजी वाढली.

मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर नकाशा पसरला.
सगळे चौकोन आखले, सगळे त्रिकोण,
सगळ्यात शेवटी दुकान.
चौकोन काढला. एक तिरपी रेघ, दुसरी,
मग उलट्या बाजूने,
पेन्सिल थांबेना,
कागद चकाकायला लागला शिशाने.

सकाळी पर्यवेक्षक चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
बाई, हा डाग कसला?
दुकान आहे, म्हटलं.
त्यांनी खण उघडला,
शोधून शोधून एक खोडरबर काढलं,
अर्धं झिजलेलं, आणि माझ्यापुढे सरकवलं.